मुलांच्या नैसर्गिक रंगांचा संच, सात महिन्यांनंतर: सांगलीत हळदच विकली

जूनमध्ये पाच तारे दिले होते, ते आता अडीचवर आणतोय. सहा पुड्या, प्रत्येकी २५ ग्रॅम, डिंकाची बाटली, दोन ब्रश, किंमत ५४९ रुपये. तक्रार पिवळ्याची आहे.

पिवळा म्हणजे निव्वळ हळद. २०१८ मध्ये जिच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं त्या सांगलीत राहून पुडीतली हळद घ्यायची, हेही चालवून घेतलं असतं. पण खिडकीशेजारी लावलेल्या चित्रातलं सूर्यफूल तीन आठवड्यांत कागदाच्या रंगाचं झालं. हळदीचा रंग कर्क्युमिनचा, आणि ते उजेडात तुटतं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत अंधारात हळद वर्षानुवर्षं राहायची ती उगाच नाही. वहीत मिटलेलं चित्र अजून पिवळंधमक आहे.

कंपनीचं उत्तर: 'नैसर्गिक रंग फिके होणारच.' साफ चूक. त्याच सूर्यफुलातला गेरू आणि कोळशाचा काळा जराही हललेला नाही. गेरूत लोहाचा ऑक्साइड, कोळशात कार्बन, त्यांना ऊन काय करणार? बीटचा लाल मात्र तपकिरी पडला, पालकाचा हिरवा खाकी. म्हणजे सहातले तीन रंग भाजी-मसाल्याचे, आणि तेच तिन्ही गेले.

हळदीच्या जागी भिंतीची पिवडी वापरा. तीही मातीच, उडत नाही. फक्त पारखून घ्या: चमचाभर पाण्यात ढवळून तासभर ठेवा. माती तळाशी बसून वरचं पाणी गढूळ-फिकट राहिलं तर ठीक. पाणीच पिवळंजर्द राहिलं तर त्यात रंग मिसळलाय. आणि लिंबासारखी चकचकीत दिसणारी पुडी पाण्यात नितळली तरी घेऊ नका, शिशाचा रंग असू शकतो. खरी पिवडी मळकट असते. हिरवा हवा असेल तर पिवडीत संचातली नीळ मिसळा. नीळ उत्तम आहे, पण पाण्यावर तरंगते. आधी दोन-तीन थेंब डिंकात घोटून मगच पाणी घाला.

डिंकाची बाटली पहिल्याच पावसाळ्यात बुरसली. घरी करायला सोपा: बाभळीचा डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळायचा. अर्धी वाटी द्रावणाला अर्धा चमचा मध आणि लवंगतेलाचे तीन थेंब. मध विसरलात तर वाळल्यावर रंगाला भेगा पडतात. पुडी आणि द्रावण सारखंच घेऊन बशीत घोटा, वाळल्यावर बोट फिरवून बघा: बोटाला रंग लागला तर डिंक कमी, चकाकी येऊन तडकला तर जास्त. ओला रंग जुलैत दोन दिवसही टिकत नाही, म्हणून बाटल्यांच्या झाकणांत ओतून सावलीत वड्या वाळवाव्यात. ओल्या ब्रशने घासल्या की झालं, प्लॅस्टिकच्या ट्यूबची गरजच नाही.

आता हळदीला अर्धा तारा परत देतो. गणवेशावरचा डाग साबणाने लालभडक होतो, त्याला घाबरू नका. साबण अल्कधर्मी असतो म्हणून. पाण्याने साबण काढा, थोडं लिंबू पिळा, परत पिवळा होईल, आणि ओलाच उन्हात टाका. चित्र पुसणारं तेच ऊन डागही पुसतं. गेरूचा डाग मात्र असा जात नाही, तेव्हा गेरूच्या दिवशी जुना सदरा घाला.

ब्रश धुतलेलं पाणी बादलीत नितळू द्या, वरचं कुंडीत, तळाचा गाळ पुन्हा वडीत. अॅक्रिलिकचं पाणी मात्र कुंडीत नको, त्यात प्लॅस्टिकचे बारीक कण असतात.

रिफिल मागवायची तर फक्त निळीची. खोका पुठ्ठ्याचा असला तरी आतल्या पुड्या चकचकीत प्लॅस्टिकच्या आहेत, त्या कचऱ्यातच जातात.