मेटामास्क, आठ महिन्यांनंतर: पाकीट कमी, सही-शिक्का जास्त

मेटामास्क हे क्रिप्टो नाणी हाताळायचं, ब्राउझरला जोडायचं एक्स्टेन्शन. त्याला सगळे वॉलेट म्हणतात, त्यामुळे डोक्यात पाकिटाचं चित्र बसतं आणि गडबड तिथेच सुरू होते. यात पैसे नसतातच. इथर (इथेरियमचं नाणं), यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन) वगैरे जे काही आहे ते ब्लॉकचेनच्या वहीत, जगभरच्या संगणकांवर नोंदलेलं असतं. ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या कोल्ह्याजवळ, म्हणजे मेटामास्कच्या चिन्हाजवळ, असते ती त्या वहीत सही करायची किल्ली. क्रोम आणि फायरफॉक्सवर आठ महिने रोज वापरल्यावर मत असं आहे की किल्ली सांभाळायचं काम हे एक्स्टेन्शन नेटकं करतं. सही नेमकी कशावर होते आहे, हे ओळखायचं काम मात्र कुठलंच ब्राउझर वॉलेट पूर्णपणे आपल्या वतीने करू शकत नाही. म्हणून इथे सहीवर जास्त लिहिलं आहे, रंगरूपावर जवळपास काहीच नाही.

बसवताना सर्च इंजिनमध्ये नाव टाकून वरच्या जाहिरातीवर क्लिक करू नका. नकली वॉलेटच्या जाहिराती तिथेच लागतात. मेटामास्क डॉट आयओ हा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथल्या बटणावरून क्रोमच्या किंवा फायरफॉक्सच्या स्टोअरमध्ये जा. त्याआधी ब्राउझरमध्ये एक वेगळं प्रोफाइल तयार करा आणि त्यात हे एकच एक्स्टेन्शन ठेवा. कारण साधं आहे: कूपन शोधणारी, व्हिडिओ उतरवणारी एक्स्टेन्शन्स ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे व बदलणे’ ही परवानगी घेतात. अशा एखाद्याचा मालक बदलला, नवी आवृत्ती आली, की पानावर दिसणारा, पैसे पाठवायचा पत्ता तो गुपचूप बदलू शकतो. वेगळ्या प्रोफाइलला दोन मिनिटं लागतात.

मग येतात बारा शब्द, म्हणजे वॉलेट परत मिळवायचा गुप्त संच. ते २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि सगळ्या किल्ल्या त्यांतूनच निघतात. शब्द लिहिताना रोमन लिपीतच लिहा, देवनागरीत नको. यादीत शांततेचा ‘पीस’ आहे आणि तुकड्याचा ‘पीस’सुद्धा आहे, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात आणि दोन वर्षांनी कुठला होता ते आठवत नाही. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं यादीत एकमेव असतात, तेव्हा तेवढी स्वच्छ लिहिली तरी पुरतं. फोटो, गूगल ड्राइव्ह, स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज, यांपैकी काहीही नको. जेल पेनची शाई पावसाळ्यात कपाटाच्या दमटपणानेही पसरते, म्हणून बॉलपेन वापरा. रक्कम मोठी असेल तर स्टीलच्या पट्टीवर कोरा. भांड्यांवर नाव घालायचं यंत्र बाजारात मिळतं, बारा शब्दांची मिळून जास्तीत जास्त अठ्ठेचाळीस अक्षरं होतात. यंत्र आणायचं, कोरणाऱ्याला कागद द्यायचा नाही, हे सांगायला नकोच.

यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात. पैसे टाकायच्या आधी एक्स्टेन्शन काढून टाका, परत बसवा आणि कागदावरच्या शब्दांवरून वॉलेट उघडा. तोच पत्ता आला तरच कागद खरा. एखादा शब्द चुकला तर बहुतेक वेळा ‘चुकीचे शब्द’ असा नकार मिळतो, कारण शेवटच्या शब्दात पडताळणीचे चार बिट असतात. पण सोळांत एकदा चुकीचा संच नियमात बसून जातो आणि एक नवंकोरं, रिकामं वॉलेट उघडतं. अशा वेळी माणूस समजतो की पैसे चोरीला गेले, आणि मग ‘मदत’ शोधायला लागतो. आणखी एक गोम: खाजगी किल्ली टाकून आयात केलेली खाती या बारा शब्दांत येत नाहीत, त्यांची नोंद वेगळी ठेवावी लागते. खात्यांना दिलेली नावंही परत येतील असं धरून चालू नका.

पासवर्डबद्दल थोडक्यात. तो फक्त या संगणकावरची तिजोरी उघडतो. विसरलात तर बारा शब्दांवरून नवा लावता येतो. शब्द गेले आणि पासवर्डही गेला तर ग्राहक सेवा काही करू शकत नाही. आता गूगल किंवा ॲपलच्या खात्यानेही वॉलेट सुरू करता येतं, पण तिथे पासवर्डचं महत्त्व उलट वाढतं. जुनीच पद्धत बरी. सेटिंगमध्ये आपोआप कुलूप लागायची वेळ पाच मिनिटांवर आणा.

खरे पैसे टाकण्याआधी सेपोलिया या चाचणी जाळ्यावर (जाळं म्हणजे नेटवर्क, एक स्वतंत्र ब्लॉकचेन) दोन-चार व्यवहार करून पाहा. तिथलं इथर फुकट असतं आणि त्याला किंमत शून्य.

गॅसचा, म्हणजे व्यवहाराला लागणाऱ्या संगणकीय कामाचा, हिशेब एकदा हाताने केला की भीती जाते. साध्या इथर पाठवण्याला २१,००० गॅस लागतो. दर २ ग्वेई (ग्वेई म्हणजे इथरचा एक अब्जावा भाग) असेल तर २१,००० गुणिले २, म्हणजे ४२,००० ग्वेई, म्हणजे ०.००००४२ इथर. टोकन पाठवायला याच्या दोन-तीन पट, एक टोकन देऊन दुसरं घ्यायच्या अदलाबदलीला दीड-दोन लाख गॅस सहज लागतो. फी नेहमी त्या जाळ्याच्या स्वतःच्या नाण्यात जाते: इथेरियम, आर्बिट्रम आणि बेसवर इथर, पॉलिगॉनवर पोल, बीएनबी चेनवर बीएनबी. खात्यात हजार यूएसडीटी आहेत पण इथर शून्य आहे, म्हणजे एसटीत पाचशेची नोट घेऊन चढलात आणि कंडक्टरकडे सुटे नाहीत. नवं खातं उघडलं की आधी थोडं मूळ नाणं टाका. व्यवहार फसला तरी फी परत येत नाही, कारण यंत्रांनी काम केलेलं असतं. वॉलेटमधूनच अदलाबदल केली तर ०.८७५ टक्के सेवाशुल्क वेगळं पडतं. सोयीचे पैसे आहेत, पण मोठ्या रकमेला आधी दुसरीकडचा भाव पाहा.

व्यवहार अडकून पडला की लोक घाबरून तोच पुन्हा पाठवतात. उपयोग नाही. प्रत्येक खात्याच्या व्यवहारांना क्रमांक असतो आणि मागचा निघाल्याशिवाय पुढचा जात नाही, एकखिडकी रांगेसारखं. अडकलेल्यावरच ‘स्पीड अप’ किंवा ‘कॅन्सल’ दाबायचं. त्याच क्रमांकाचा, साधारण दहा टक्के जास्त फीचा व्यवहार जातो आणि जुन्याची जागा घेतो.

पत्त्याच्या बाबतीत दोन सापळे. पहिला जाळ्याचा. तुमचा पत्ता इथेरियम, पॉलिगॉन, बेस सगळीकडे एकच असतो, त्यामुळे एक्स्चेंजवरून (नाण्यांची खरेदी-विक्री होते त्या साइटवरून) भलत्या जाळ्याने नाणी आली तरी ते जाळं वॉलेटमध्ये जोडलं की दिसतात. उलट दिशेने तसं नाही: एक्स्चेंजने फक्त इथेरियमवरची ठेव स्वीकारायची ठरवली असेल आणि तुम्ही पॉलिगॉनवरून पाठवलंत, तर पुढे त्यांच्या मर्जीवर. ट्रॉन या जाळ्याचे पत्ते इंग्रजी ‘टी’ने सुरू होतात, ते या पत्त्यापेक्षा वेगळेच. दुसरा सापळा जास्त हुशार आहे. चोर तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखीच पहिली आणि शेवटची चार-पाच अक्षरं असलेला पत्ता तयार करतो आणि शून्य रकमेचा व्यवहार तुमच्या यादीत टाकून ठेवतो. महिन्याभराने तुम्ही यादीतून ‘मागचाच’ पत्ता कॉपी करता. चाळीस अक्षरांतली मधली आठ-दहा तपासा, नाहीतर पत्ता एकदाच नीट ताडून संपर्कांत साठवा आणि तिथूनच निवडा.

आता सही. पडद्यावर तीन प्रकारच्या खिडक्या येतात आणि तिघी दिसायला बहिणी-बहिणी. ‘कनेक्ट’ म्हणजे साइटला तुमचा पत्ता आणि शिल्लक दिसणार. यात काही हलत नाही. ‘ट्रान्झॅक्शन’ला गॅस लागतो, म्हणून माणूस निदान थबकतो. घात करते ती तिसरी, ‘सिग्नेचर रिक्वेस्ट’. फी नाही, ब्लॉकचेनवर लगेच काही दिसत नाही, आणि बऱ्याचदा ती खरंच नुसतं लॉगिन असते. त्यामुळे हात सवयीने ‘कन्फर्म’वर जातो.

खिडकीत ‘परमिट’ हा शब्द दिसला की थांबा आणि ओळी वाचा. ‘स्पेंडर’ म्हणजे तुमच्या टोकनला हात घालायचा हक्क ज्याला मिळणार तो. ‘व्हॅल्यू’समोर ११५७९२०८९२ ने सुरू होणारा अठ्ठ्याहत्तर आकडी राक्षस असेल, तर त्याचा अर्थ ‘अमर्याद’. ‘डेडलाइन’ १९७० पासूनच्या सेकंदांत असते; १७९८७६१६०० म्हणजे १ जानेवारी २०२७. वीस मिनिटांच्या कामाला कोणी वर्षभराची मुदत मागत असेल तर तो अदलाबदल करायला बसलेला नाही. सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा उठवण्याचाच हा प्रकार, फक्त कागद पडद्यावर आला आहे. ही सही चोर नंतर स्वतःच्या गॅसने वापरतो, आणि तोवर तुमच्या यादीत त्याचा मागमूसही नसतो.

साधी ‘अप्रूव्ह’ परवानगी (साइटला तुमचं टोकन खर्च करू देणारा व्यवहार) निदान यादीत दिसते. तिथे खर्चाची मर्यादा बदलता येते: १०० यूएसडीटीची अदलाबदल असेल तर १०० च लिहा. एनएफटीला (एकमेव डिजिटल वस्तूच्या टोकनला) ‘सेट अप्रूव्हल फॉर ऑल’ आलं तर त्या संग्रहातलं सगळंच जाऊ शकतं. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: साइट ‘डिस्कनेक्ट’ केल्याने, वॉलेटला कुलूप लावल्याने किंवा एक्स्टेन्शन उडवल्याने दिलेली परवानगी मागे येत नाही. ती वहीत लिहिलेली आहे. खोडायलाही वहीतच नोंद करावी लागते. महिन्यातून एकदा एथरस्कॅन या, इथेरियमची वही दाखवणाऱ्या साइटच्या टोकन अप्रूव्हल पानावर किंवा रिव्होक डॉट कॅशवर पत्ता टाकून यादी पाहा, अनोळखी आणि अमर्याद परवानग्या रद्द करा. प्रत्येक जाळ्यावर वेगळं पाहावं लागतं आणि दर रद्दीला गॅस पडतो. इथेरियमवरच्या यूएसडीटीची एक खोड: आधीची मर्यादा शून्य केल्याशिवाय नवी मर्यादा लागत नाही, व्यवहार फसतो.

किल्ली वेगळ्या छोट्या यंत्रात ठेवणारं, लेजर किंवा ट्रेझरसारखं हार्डवेअर वॉलेट मेटामास्कला जोडता येतं आणि मोठ्या रकमेला ते घ्यावंच, कारण किल्ली ब्राउझरमध्ये येत नाही. पण चुकीच्या कागदावर सही करण्यापासून तेही वाचवत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजचं सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर गेलं, ते सही करणाऱ्यांना पडद्यावर एक दाखवून भलत्यावरच सही घेतल्यामुळे. रोजच्या वापरात बसलेली मांडणी अशी: हार्डवेअरवर साठा, ते कुठल्याही साइटला जोडायचं नाही, ब्राउझरमध्ये कामापुरती रक्कम, आणि नव्या, अनोळखी साइटसाठी वेगळ्या बारा शब्दांचं तिसरं वॉलेट. एकाच शब्दसंचातली तीन खाती म्हणजे एकाच कुलपाचे तीन दरवाजे.

शब्दच फुटले असतील तर परवानग्या रद्द करत बसू नका. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर नवा संच तयार करा आणि उरलेलं तिकडे हलवा. जुन्या खात्यात गॅससाठी इथर टाकलं तर पहारा देणारा बॉट काही सेकंदांत तेही उचलतो. १९३० या भारतातल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ‘पैसे परत मिळवून देतो’ म्हणत टेलिग्रामवर येणारा माणूस बहुधा त्याच टोळीचा किंवा तिच्या शेजारचा असतो. बारा शब्द मागणारा तर हमखास.

भारतात राहून वापरणाऱ्यांसाठी कराचं एवढंच: नफ्यावर ३० टक्के आणि वर उपकर, एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. टोकन देऊन टोकन घेतलं तरी ते हस्तांतरच, रुपये हातात आले नाहीत म्हणून सुटका नाही. स्वतःच्याच दोन पत्त्यांमधली हलवाहलव यात धरत नाहीत, पण दोन्ही पत्ते आपलेच आहेत हे दाखवता आलं पाहिजे. एथरस्कॅनवरून दर महिन्याला व्यवहारांची सीएसव्ही फाइल उतरवा आणि शेजारच्या रकान्यात त्या दिवसाचा रुपयातला भाव तेव्हाच लिहून टाका. जुलैत विवरणपत्र भरायला बसल्यावर गेल्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी पोलचा भाव किती होता हे शोधण्यात रविवार जातो.