रोमन वर्षजुळणीचा एक्सेल तक्ता : काही महिन्यांच्या वापरानंतर

एकच वर्ष पाच पद्धतींत जुळवायला पाच रकाने : कॉन्सलजोडी (रोमचे दरवर्षीचे दोन सर्वोच्च अधिकारी, त्यांच्या नावाने वर्ष ओळखलं जाई), रोमस्थापना वर्ष, ऑलिंपियाड (ग्रीकांची चार वर्षांची गणना), सेल्युकिड शक (सिरिया-बॅबिलोनकडची गणना) आणि इजिप्तमधलं राज्यवर्ष (सम्राटाच्या कारकिर्दीचं कितवं वर्ष). तक्ता उत्तम चालतो, पण प्रत्येक पद्धतीत वर्ष कुठल्या दिवशी बदलतं हे शेजारी लिहिलं तरच.

इ.स. ७९ घ्या, पॉम्पेई गाडणाऱ्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक. रोममध्ये हे वर्ष ‘व्हेस्पासियन नवव्यांदा, टायटस सातव्यांदा कॉन्सल’ या नावाचं. सम्राट व्हेस्पासियन जूनमध्ये वारला आणि त्याचा मुलगा टायटस सम्राट झाला, तरी वर्षाचं नाव बदललं नाही. १ जानेवारीला पदावर आलेल्या जोडीचंच नाव वर्षभर टिकतं. रोमस्थापनेपासून ७९ + ७५३ = ८३२. ऑलिंपियाड उन्हाळ्यात पालटतं : आधी २१४ व्याचं दुसरं वर्ष, मग तिसरं. सेल्युकिड शक अँटिओकच्या बाजूला शरद ऋतूत ३९० वरून ३९१ होतो, बॅबिलोनी गणनेत मात्र ३९० वसंतातच सुरू झालेला असतो. खरी गंमत इजिप्तची. तिथे नवं वर्ष २९ ऑगस्टला (लीप वर्षाच्या आदल्या वर्षी, म्हणजे ७९ मध्येही, ३० ऑगस्टला), त्यामुळे टायटसचं पहिलं वर्ष जेमतेम दोन महिन्यांत संपलं. उद्रेकाची तारीख हस्तलिखितांनुसार २४ ऑगस्ट धरली तर टायटसचं वर्ष १. पॉम्पेईत २०१८ साली सापडलेल्या कोळशाच्या मजकुरावर १७ ऑक्टोबर आहे. त्यावरून उद्रेक ऑक्टोबरात धरला तर वर्ष २. आपला शक जोडायचा असेल तर चैत्रापासून ७८ वजा करा. उद्रेक शके १ मध्ये येतो.

इसवीसनापूर्वीच्या वर्षांना सूत्र वेगळं, कारण शून्य वर्ष नाही : ७५४ मधून वजा करा. सिसेरो कॉन्सल होता ते इ.स.पू. ६३ म्हणजे ६९१. एक्सेलमध्ये ६३ ऐवजी −६२ भरलं की + ७५३ हे एकच सूत्र सगळीकडे चालतं. हे नक्की करा, नाहीतर दोन सूत्रांच्या सांध्यावर एक वर्ष हमखास सरकतं.

इ.स.पू. १५३ च्या आधी हा तक्ता जपून वापरा. तेव्हा कॉन्सल १ जानेवारीला पदावर येत नसत. त्याच्या लगेच आधीच्या काळात ती तारीख १५ मार्च होती. इ.स.पू. ३३३, ३२४, ३०९ आणि ३०१ या वर्षांना तर कॉन्सलच नाहीत, रोमन विद्वान वॅरोच्या गणनेत (वरची ७५३ ची सूत्रं तिचीच) ती ‘हुकूमशहांची वर्षं’ आहेत. कॅपिटोलिन यादीचा (दगडावर कोरलेली रोमन कॉन्सलांची यादी) रोमस्थापनेचा आकडा वॅरोपेक्षा एकाने कमी येतो, म्हणून रकान्याच्या शीर्षकात ‘वॅरो’ लिहाच. वर्षाच्या मध्ये आलेले बदली कॉन्सल वेगळ्या रकान्यात ठेवा. शिलालेखांत त्यांचीही नावं तारखेसाठी येतात आणि मूळ जोडीच्या यादीत शोधली तर सापडत नाहीत.