परड्यातल्या शेडमध्ये गरम पाण्याचा टब: अर्थिंग घरचं आणायचं की शेडचं वेगळं करायचं?

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीकडच्या आमच्या घरामागं परड्यात पत्र्याची शेड आहे. पाहुण्यांसाठी तिथं गरम पाण्याचा टब बसवायचं ठरलं, तेव्हा दोन वायरमननी दोन उलट गोष्टी सांगितल्या. एकाचं म्हणणं, घरच्या बोर्डातून केबल ओढू, अर्थिंगची तार तिच्यातूनच जाईल. दुसऱ्याचं म्हणणं, शेडजवळ अर्थिंगचा वेगळा खड्डा काढू. चोर्ल्याच्या वाटेवर किंवा तिकडं चिकोडी-निपाणीकडं शेतघराला असा टब बसवणाऱ्या प्रत्येकाला हाच निर्णय घ्यावा लागणार, म्हणून दोन्ही बाजू नीट मांडतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. खांबावरून हेस्कॉम, म्हणजे इथली वीज कंपनी, आपल्याला फेज आणि न्यूट्रल देते. खेड्यातल्या घराचं अर्थिंग ज्यानं त्यानं स्वतःच केलेलं असतं. ते चांगलं आहे की नावाला आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

घरचं अर्थिंग शेडपर्यंत नेणं

हा स्वस्त मार्ग. खड्डा नाही, वेगळी खोदाई नाही. घराचं अर्थिंग मोजून चांगलं निघालं आणि शेड दहा-पंधरा मीटरवर असेल, तर यात चूक काही नाही.

पण आपल्याकडं एक जुनी वाईट सवय आहे. न्यूट्रल गेलं की अर्थिंगच्या तारेवर दिवा पेटवायचा. काही घरांत तर बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थिंग जोडून ठेवलेलं असतं, आणि वर्षानुवर्षं कुणाला त्याचा पत्ता नसतो. मग पावसाळ्यात फांदी पडून लाइनचं न्यूट्रल तुटलं की घरातला करंट परतीची वाट अर्थिंगमधून शोधतो, आणि अर्थिंग केलेल्या प्रत्येक धातूवर व्होल्टेज चढतं. कोरड्या फरशीवर, पायात चप्पल असताना फ्रिजला हात लागला तर चुणचुण जाणवेल. टबात माणूस गळ्यापर्यंत पाण्यात असतो, ओल्या कातडीचा अडसर जवळजवळ उरत नाही. घरात चटका देऊन सोडणारं व्होल्टेज तिथं जीव घेऊ शकतं, आणि ते केबलमधून तिथं आपणच पोचवलेलं असतं. आमच्या बोर्डात नेमकी हीच जोडणी निघाली. ती दिसली त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला, कारण त्याच बोर्डातून केबल ओढायचं जवळपास ठरलं होतं.

तेव्हा न्यूट्रलही तोडणारा दोन पोलचा मेन बंद करून न्यूट्रलपट्टी आणि अर्थिंगपट्टी यांच्यात मल्टिमीटर लावायला सांगा. दोन्ही थेट जोडलेल्या निघाल्या, तर ती जोडणी काढल्याशिवाय या मार्गाचा विचारही करू नका.

शेडचं स्वतःचं अर्थिंग

इथं केबलमधून फक्त फेज आणि न्यूट्रल येतं. टब, हीटर, पंप, शेडचे लोखंडी खांब, पाण्याचा धातूचा नळ हे सगळं शेडच्या खड्ड्याला आणि एकमेकांना जोडायचं, म्हणजे माणसाच्या हाताच्या अंतरात वेगवेगळं व्होल्टेज असलेले दोन धातू राहत नाहीत. घरची अर्थिंग तार शेडच्या बोर्डाला लावायची नाही. केबलचं आर्मर, म्हणजे वरचं धातूचं कवच, घराच्या टोकालाच अर्थ करायचं आणि शेडच्या टोकाला इन्सुलेट करून सोडायचं. कुदळीचा घाव बसला तर घरचा ब्रेकर पडून वीज बंद होईल, पण घरचा दोष टबापर्यंत येणार नाही.

याला खर्च जास्त, आणि खड्ड्याचा भरवसा जमिनीवर. खानापूरकडं जांभा. पावसाळ्यात ओला असतो, उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत, आणि इतका पाऊस पडतो की खड्ड्यात घातलेलं मीठ दोन-तीन वर्षांत वाहून जातं. इथं एका अडीच मीटरच्या जीआय पाइपावर विसंबू नका. पाच मीटर अंतर सोडून दुसरा पाइप घाला, मिठाऐवजी बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी चिकणमाती, भरा. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या रानात अर्थिंग सहज मिळतं, फक्त मे महिन्यात माती भेगाळून पाइपापासून सुटते, म्हणून पाणी घालत राहावं लागतं.

आरसीसीबीवाचून दोन्ही मार्ग बंद

एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा ब्रेकर, आरसीसीबी म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा. ‘अर्थिंग चांगलं आहे, एमसीबी पडेल की’ हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलंय. हिशेब बघा. शेडचा खड्डा १० ओहमचा, ट्रान्सफॉर्मरपर्यंतची बाकीची वाट ५ ओहमची. हीटरचा फेज टबाच्या धातूला लागला तर २३० भागिले १५, म्हणजे साधारण १५ अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरचा एमसीबी त्यावर पडणारच नाही, आणि टबाच्या धातूवर दीडशे व्होल्ट तसेच उभे राहतील. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी मात्र एवढ्या गळतीला ४० मिलिसेकंदांच्या आत पडते.

ती शेडमध्येच हवी, फक्त टबासाठी. घराच्या टोकाला केबलसाठी १०० मिलिअँपिअरची, उशिरा पडणारी आरसीसीबी लावली की टबात दोष आला तरी घरात अंधार होत नाही. पंपाला इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असेल तर ‘ए’ प्रकारची आरसीसीबी मागा. साधा ‘एसी’ प्रकार तिथं दोष ओळखेलच असं नाही. पावसात ती सारखी पडू लागली तर हीटरचं एलिमेंट तपासा. आरसीसीबी बाजूला काढून थेट जोडणाऱ्या वायरमनला परत बोलावू नका. टेस्टचं बटण दर महिन्याला दाबायचं.

प्लगचा टब की कायमच्या जोडणीचा?

हवा भरायचा, प्लगवर चालणारा टब ३ किलोवॉटच्या आत असेल तर १३ अँपिअरपर्यंत घेतो. कायमच्या जोडणीचा ६ किलोवॉटचा टब २६ घेतो. तीस मीटरवर ४ चौरस मिमीच्या तांब्याच्या केबलमध्ये पहिल्यासाठी साडेतीन-चार व्होल्ट पडतात, दुसऱ्यासाठी सात. म्हणून मोठ्याला किमान ६ चौरस मिमी घ्या. केबल पाऊण मीटर खोल गाडा. मोठ्या टबासाठी हेस्कॉमकडून मंजूर भारही वाढवून घ्यावा लागेल. प्लगचा टब घेतलात तर एक्स्टेन्शन बोर्ड पाण्याजवळ ओढण्याचा मोह होतो. टबाच्या काठापासून दोन मीटरच्या आत सॉकेट, खटका, लोंबता दिवा काहीही नको. शेड बोअरजवळ आहे म्हणून शेतीपंपाच्या कनेक्शनवरून टब चालवायचा बेत असेल तर तो सोडा. ती वीज सिंचनासाठी आहे, टबासाठी वापरणं नियमात बसत नाही.

पाणी लाकडावर, मोठ्या बंबात तापवून टबात सोडलं तर फक्त छोटा पंप आणि दिवा उरतो. लाकूडफाटा घरचाच असेल तर हाही मार्ग चांगला. आरसीसीबी आणि सगळे धातू एकमेकांना व अर्थिंगला जोडणं त्यालाही लागतंच.

मी वेगळं अर्थिंग निवडलं. तुमचं घर नवं असेल, अर्थिंग मोजलेलं असेल, बोर्डात न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलं नाही हे डोळ्यांनी पाहिलं असेल, तर घरचं आणा आणि शेडचा खड्डाही त्यालाच जोडा. यातल्या एका जरी गोष्टीची खात्री नसेल तर वेगळंच करा. काम लायसन असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून करून घ्या, आणि अर्थ टेस्टरचं पहिलं रीडिंग मे महिन्यात, वळीव पडायच्या आधी घ्यायला लावा. ऑगस्टमध्ये चिंब जांभ्यावर घेतलेला आकडा बघून आम्ही निश्चिंत झालो होतो. मे महिन्यात तो दुपटीहून वर गेला, आणि दुसरा पाइप आम्ही तेव्हा घातला.