18 हजारांची स्पीकर केबल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

जूनमध्ये घेतली. दुकानात विचारलं होतं, हिच्यात आणि तांब्याच्या साध्या वायरीत फरक कशाचा? "तो मीटरवर दिसत नाही, कानालाच कळतो," असं उत्तर मिळालं. कोथरूडच्या घरी लावली आणि फरक खरंच ऐकू आला. खर्ज भरला, तबल्याचा डग्गा मोकळा झाला. महिनाभर मी अतिशय खूश होतो.

मग आधीची वायर काढून पाहिली. अर्धा चौरस मिलिमीटरची, बारीक. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर तांबं. एक अँपियर करंट सोडून वायरीतली व्होल्टेजची घट मोजली. वायरीचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, आला 0.39 ओहम. आकडा किरकोळ वाटतो, पण आठ ओहमचा म्हणून विकलेला माझा स्पीकर काही फ्रिक्वेन्सींना 4 ओहमपर्यंत उतरतो आणि काहींना 20 पर्यंत चढतो. 4 ओहम असतो तिथे ही वायर 0.8 डेसिबल खाते, 20 असतो तिथे जेमतेम 0.2. नुसता आवाज कमी झाला असता तर व्हॉल्यूम वाढवून भागलं असतं. इथे खर्ज आणि वरच्या सुरांचा तोलच बिघडत होता.

पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून अडीच चौरस मिलिमीटरची साधी वायर आणली. तिचा रोध 0.08 ओहम, महागड्या केबलचा 0.07.

आता कानाची परीक्षा. रात्री अकरानंतर, कारण त्याआधी रस्त्यावरचे हॉर्न थांबत नाहीत. लेक नाणं उडवून वायर ठरवायची, जोडायची, चिठ्ठीवर लिहायची आणि बाहेर जायची. "बाबा, या आता" म्हटलं की मी आत. आवाजाची पातळी स्पीकरच्या टोकांवर मोजून सारखी केली होती. हे वगळू नका, कारण थोडं मोठं वाजणारं आपल्याला हमखास चांगलं वाटतं. जुनी बारीक वायर आणि साधी जाड वायर: 16 पैकी 14 वेळा बरोबर ओळखली. साधी जाड आणि महागडी: 16 पैकी 9. डोळे मिटून अंदाज केला तरी 8 यावेत.

केबलने काहीच फरक पडत नाही, असं मात्र मी अजिबात म्हणणार नाही. टर्नटेबलची गोष्ट ऐका. जुन्या रेकॉर्डींवर गायिकेचा प्रत्येक 'स' टोचायचा. दोष मी सुईला देत होतो. एलसीआर मीटरवर फोनो केबलची (टर्नटेबलपासून प्रीॲम्पपर्यंतची) कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजली तर 280 पिकोफॅरड निघाली. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि प्रीॲम्पची (सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) मिळून आणखी सुमारे 120. माझ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजची (सुई बसवलेला भाग) इंडक्टन्स, म्हणजे तिच्यातल्या वेटोळ्याचा प्रवाहातल्या बदलाला होणारा विरोध, 500 मिलिहेन्रीच्या आसपास आहे. 400 पिकोफॅरडबरोबर तिचा अनुनाद, म्हणजे आवाज उसळतो ती जागा, साधारण 11 किलोहर्ट्‌झला येतो, म्हणजे नेमका 'स'च्या वाटेवर. 80 पिकोफॅरडची आखूड केबल लावली, एकूण 200 झाले, अनुनाद 16 किलोहर्ट्‌झजवळ सरकला आणि टोचणं गेलं. मीटर जोडण्याआधी हे उत्तर मला कोणीही दिलं नव्हतं, आणि ही केबल होतीही स्वस्त.

मीटर तोकडं पडतं, हा दुकानात ऐकलेला आक्षेप मी मनावर घेतला होता. पण खुर्चीत मान दहा सेंटिमीटर सरकली तरी वरच्या पट्टीतला आवाज बदलतो, तो त्या दोन जाड वायरींमधल्या फरकाहून कितीतरी मोठा. दिवसा वायर बदलून परत येऊन बसलो की "फरक जाणवला" असं मला वाटायचं, त्यामागे बहुधा हेच होतं.

महागड्या केबलची बांधणी उत्तम आहे, हेही लिहायलाच हवं. पावसाळ्यात साध्या वायरीची उघडी टोकं काळवंडली, हिचे प्लग लखलखीत राहिले. पण ती इतकी ताठ आहे की कपाटामागून वळत नाही. साध्या वायरीला शेवटी बनाना प्लग (स्पीकरच्या भोकात खोचायची टोकं) बसवले, आता तीच लावलेली आहे. महागडी विकायला काढली आहे; घेणाऱ्याला तिचा 0.07 चा आकडा आणि 16 पैकी 9 चा निकाल दोन्ही आधी सांगतो.