दोन तारे, तेही टायमिंगसाठी

व्हिडिओला आपोआप मराठी सबटायटल लावणारं हे अ‍ॅप महिनाभराचे पैसे भरून घेतलं. मी सबटायटलचंच काम करते, तेव्हा पोटावर पाय आणणाऱ्या यंत्राकडे जरा वाकड्या नजरेनेच पाहिलं, हे आधीच कबूल.

परीक्षेला मुद्दाम अवघड व्हिडिओ दिला. अझरबैजानच्या दक्षिणेला, इराणच्या सीमेवर अस्तारा जिल्हा आहे. तिथल्या एका लग्नातली मेयखाना. मेयखाना म्हणजे ठेक्यावर जागच्या जागी कवनं रचून समोरच्याची जिरवायची, आपल्या कलगी-तुऱ्याच्या जातकुळीतली. पुरुष आळीपाळीने एकमेकांना टोलवतात आणि रशियन पालुपद येतं : ‘ती क्तो ताकोय? दावाय, दो स्विदानिया!’

अ‍ॅपने लिहिलं, ‘तू कोण आहेस? दे, पुन्हा भेटेपर्यंत.’

कोशात बघाल तर एकही शब्द चूक नाही. पण ‘दावाय’ रशियन माणूस इथे ‘चल’सारखा वापरतो. आणि ‘दो स्विदानिया’ हा इतका शिष्ट निरोप, की दुकानातून निघतानाही म्हणतात. तोच तोंडावर आपटायचा, यात खरी मजा. मराठीत तयार जोडा आहे की! ‘तू कोण रे? चल, या आता!’ पाहुण्याला पोचवताना म्हणतो ते ‘या’ नव्हे, दार लावता लावता म्हणतो ते.

कडव्यांचा तर आनंदच. ती तालिश भाषेतली. तालिश इराणी कुळातली, अझरबैजानी तुर्की कुळातली. अ‍ॅपच्या यादीत तालिश नाहीच, म्हणून त्याने बेधडक ‘अझरबैजानी’ ठरवून टाकलं आणि ‘माझ्या काकांची सफरचंदं नऊ’ असलं काहीबाही लिहिलं. कळलं नाही तर ओळ कोरी ठेवावी ना!

अर्थात हा व्हिडिओ नेटवर गाजला, तेव्हा तरी वेगळं काय झालं? कडवी फार थोड्यांना कळली. रशियन पालुपद मात्र जुन्या सोव्हिएत मुलखात कुणालाही कळणारं, म्हणून तेवढंच तुटून पळालं. २०१२ मध्ये रशियन रॅपर तिमातीने त्यावर गाणं केलं, त्याच वर्षी पुतिनविरोधकांनी त्याचा हॅशटॅग केला. लग्नातला टोमणा थेट राष्ट्राध्यक्षांना!

टायमिंग मात्र चोख. ओळ सुरू होते तिथेच अक्षरं उमटतात, माझा निम्मा दिवस वाचला. तेवढ्यासाठी अजून एक महिना ठेवणार आहे. शब्द मीच घालीन.