प्रेसवाल्यांनो, ऑनलाइन ऑर्डर सिस्टिम घेण्याआधी माझं ऐका

सोलापुरात माझी छोटी प्रेस आहे. एक मिनी ऑफसेट, एक कटिंग मशीन, नंबरिंग बायंडिंगला दोन पोरं, काउंटरला मी नाहीतर बायको. बिलबुकं, लेटरहेड, लग्नपत्रिका, गड्ड्याच्या यात्रेआधी पावती पुस्तकं. सगळा कारभार वहीवर.

जूनमध्ये एक जण व्हिजिटिंग कार्ड छापायला आला, ५०० नग. बोलायला एकदम गोड. माझी वही बघून म्हणाला, काका आजच्या काळात हे काय, मी तुम्हाला सगळं ऑनलाइन करून देतो. लगेच मोबाईलवर डेमो दाखवला, ऑर्डर टाकली की जॉब नंबर पडतो, प्रूफ गेलं, प्लेट झाली, छापून झालं हे गिऱ्हाईकाला घरी बसून दिसतं, कागद किती रीम उरला, कोणाची उधारी किती, सगळं एका जागी. ३८,००० सांगितले आणि मी दिले.

खोटं कशाला बोलू, चार महिने सिस्टिम झकास चालली. दिवसाला पंधरा-वीस वेळा "आमचं झालं का ओ" म्हणून यायचे ते फोन बंद झाले. बायको तर वहीला हात लावीना. म्हणून म्हणतो, ही सिस्टिम वाईट नाही, छोट्या प्रेसला तर पाहिजेच, मी अडकलो ते ती कोणाच्या नावावर होती यात.

तुळशीचं लग्न झालं, पत्रिकांची गर्दी सुरू, आणि एका सकाळी उघडलं तर स्क्रीनवर "अकाउंट सस्पेंडेड". त्याला फोन लावला तर म्हणे सर्व्हरचं रिन्यूअल आलंय, २४,००० लागतील, निम्मे आत्ता टाका संध्याकाळपर्यंत चालू करतो. ऐन सीझनला डोकं चालतंय का, टाकले १२,००० यूपीआयनं. संध्याकाळी फोन बंद, दुसऱ्या दिवशी बंद, आजपर्यंत बंदच.

भाच्याला बोलावलं, त्यानं बघितलं तर डोमेन, म्हणजे साईटचा पत्ता, त्या सिस्टिमवाल्याच्या नावावर, होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची जागा, त्याच्याच नावावर, सगळा ताबा असलेला ॲडमिनचा पासवर्ड त्याच्याकडं. माझ्याकडं नुसतं काउंटरचं लॉगिन. मी एकदा मागितला होता पासवर्ड, तर "काका तुम्हाला त्याची काय गरज, मी आहे की". डोमेनचं म्हणाल तर वर्षाला हजाराच्या आसपासचं काम, स्वतःच्या ईमेलवर स्वतः घेता आलं असतं.

उधारी बुडाली ती बुडाली, पण खरा घोळ झाला नंबरिंगला. एक हॉटेलवाले आमच्याकडून बिलबुकं करतात, कार्बनलेस, तीन प्रतीत. फोन आला, पुढची दहा काढा. मागचं पुस्तक कुठल्या नंबरला संपलं ते फक्त सिस्टिममध्ये. त्यांना विचारलं तर म्हणाले तुमच्याकडं असंल की लिहिलेलं. पोरानं अंदाजानं ४००१ लावला, आणि ४००१ ते ४५०० आधीच दिलेली होती. जीएसटीत एका आर्थिक वर्षात एकच बिल नंबर दोनदा चालत नाही, त्यांची दोन पुस्तकं वापरून झाल्यावर सीएनं पकडलं. मालक दुकानात येऊन चार लोकांत जे बोलले ते इथं लिहीत नाही. सगळी पुस्तकं माझ्या खर्चानं परत छापली.

आता लाजेची गोष्ट. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करायचा, ऑनलाइन तक्रार टाकायची म्हणून त्या सिस्टिमवाल्याचं बिल काढलं. बिलावर जीएसटी नंबर, २७ पासून सुरू होणारा, दिसायला बरोबर. मोजला तर १४ अक्षरं. असतात १५. अहो, मी दिवसभर हेच करतो, लोकांच्या प्रूफवर जीएसटी नंबर बोट ठेवून मोजतो, एक अक्षर चुकलं तर पूर्ण जॉब रद्दीत जातो, आणि माझ्याच हातातलं बिल मी नुसतं घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं. जीएसटीच्या साईटवर नंबर टाकला की कोणाचं नाव येतं ते बघायला लॉगिनसुद्धा लागत नाही, दोन मिनिटांचं काम होतं. तक्रार दिली, पण पैसे जाऊन आठवडा झालेला, १९३० वर लगेच कळवलं तर रक्कम अडवता येते म्हणे. मी वाट बघत बसलो, आज लावेल उद्या लावेल.

सध्या भाच्यानं साधी गुगल शीट करून दिलीय, माझ्याच ईमेलवर, दर शनिवारी बायको पेन ड्राइव्हवर कॉपी घेते. पुन्हा तशी सिस्टिम घ्यायची आहे, पण डोमेन, होस्टिंग, ॲडमिन सगळं माझ्या नावावर आणि डेटा एक्सेलमध्ये काढून दाखव, मग पैसे, असं आधीच सांगणार.

परवा उधारी जुळवायला जुनी वही काढली, सिस्टिमच्या आधीची. शेवटच्या पानावर शेवटची नोंद त्याचीच, व्हिजिटिंग कार्ड ५०० नग, मॅट लॅमिनेशन, बाकी ४५०.