घरातला माणूस तुरुंगात आणि आजार मनाचा: आतच उपचार, मनोरुग्णालय की जामीन?

तुरुंगाच्या गेटवर मुलाखतीच्या, म्हणजे बंद्याला भेटायच्या रांगेत एक आई माझ्यापुढे उभी होती. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत मुलाची फाईल. सहा वर्षांचे केसपेपर, जवळजवळ प्रत्येकावर लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध), आणि रक्ताचे रिपोर्ट तारखेवार लावलेले. मुलाला आत जाऊन अकरा दिवस झाले होते. फाईल कुणी घेतली नव्हती आणि गोळ्या गेटवरूनच परत आल्या होत्या. भाऊबंद म्हणत होते, काहीही करून जामीन करा. वकील म्हणाले होते, मानसिक संतुलन ठीक नाही असा अर्ज टाकू. रांगेतल्या दुसऱ्या बाईचं मत होतं, मेंटल हॉस्पिटलला हलवा म्हणावं, तिथे निदान बघतील तरी. ‘ताई, यातलं काय करू?’ असं तिने मला विचारलं.

बंद्यांच्या घरच्यांबरोबर काम करताना हा प्रश्न सारखा समोर येतो. म्हणून तिन्ही वाटा इथे शेजारी शेजारी ठेवून बघू. माझा निकष आधीच सांगते. उद्या सकाळची गोळी कुठे चुकणार नाही आणि तो बिघडला तर ते कुणाच्या लक्षात येईल, हे मी सगळ्यात आधी बघते. बाकी सगळं त्यानंतर.

काळजी करण्यासारखीच परिस्थिती आहे. २०२२ मध्ये देशभरातल्या तुरुंगांत १५९ अनैसर्गिक मृत्यू नोंदले गेले, त्यांतल्या ११९ आत्महत्या होत्या. त्या वर्षी आत असलेल्या दर चार माणसांपैकी तिघे कच्चे कैदी होते, म्हणजे गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी तिथल्या मध्यवर्ती कारागृहात पाच हजारांहून जास्त बंद्यांची पाहणी केली होती. व्यसनं बाजूला ठेवली तरी त्यांतल्या २७.६ टक्के लोकांना मानसिक आजार होता. तुमचा माणूस एकटा नाही आणि जेलच्या डॉक्टरांना हा आजार नवा नाही. त्यांच्यापर्यंत माहिती पोचवणं मात्र तुमच्याच हातात आहे.

कुठलीही वाट धरा, पहिला आठवडा सारखाच

जामिनाला दिवस लागतात, कधी महिने. गोळी त्या आधीच तुटलेली असते. त्यामुळे पहिलं काम कागदाचं. शेवटचं प्रिस्क्रिप्शन, डॉक्टरांचं पत्र आणि असल्यास डिस्चार्ज कार्ड यांच्या तीन प्रती काढा. एक प्रत अर्जासोबत कारागृह अधीक्षक आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावाने द्या आणि पोच घ्या. दुसरी वकिलामार्फत रिमांडच्या तारखेलाच न्यायालयात द्या आणि औषधं चालू ठेवण्याचा आदेश मागा. तिसरी घरी ठेवा. बाहेरून आणलेल्या गोळ्या गेटवर सहसा घेत नाहीत, पण न्यायालयाचा किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांचा कागद असला की मार्ग निघतो.

वकील परवडत नसेल तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरला फोन करा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानेच आहे, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

रोज दारू पिणारा माणूस आत गेला असेल तर तेही लिहून द्या, लाज बाळगू नका. दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, नसलेल्या गोष्टी दिसणं सुरू होऊ शकतं. बघणाऱ्याला ते नाटक वाटतं किंवा वेड वाटतं. खरं तर ती तातडीने दवाखान्यात न्यायची अवस्था आहे, उपचार न झाल्यास जीवही जाऊ शकतो.

वाट पहिली: आतच उपचार

लोक या वाटेला सगळ्यात कमी लेखतात. मला तसं वाटत नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, नाशिक रोड अशा मध्यवर्ती कारागृहांत स्वतःचं रुग्णालय असतं, वैद्यकीय अधिकारी असतात आणि मानसोपचारतज्ज्ञ बाहेरून व्हिजिटला येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे तुरुंगातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजाराच्या प्राथमिक आणि तातडीच्या उपचारांचं प्रशिक्षण देणं सरकारवर बंधनकारक आहे. ठरलेली गोळी चालू ठेवायची एवढंच काम असेल, तर आतली सोय पुष्कळ वेळा पुरते. शिवाय माणूस त्याच कारागृहात राहतो, मुलाखत चालू राहते आणि खटल्याची तारीख हलत नाही.

दुखणं आहे ते गर्दीत. शंभरची बॅरेक आणि आत अडीचशे माणसं, अशा ठिकाणी गोळी वाटणारा कंपाउंडर प्रत्येकाचं तोंड उघडून बघू शकत नाही. झोपेच्या गोळीला आत किंमत असते. दुबळ्या माणसाच्या हातातून ती काढून घेतली जाते आणि तो बोलत नाही. म्हणून मुलाखतीला गेल्यावर ‘गोळ्या घेतोस ना?’ असं विचारू नका, तो हो म्हणेल. गोळीचा रंग विचारा, किती वाजता मिळते ते विचारा, काल काय जेवलास ते विचारा. हात कापतायत का, कपडे धुतलेले आहेत का, नजर ठरते का, हे काचेपलीकडूनही दिसतं.

त्या आईला मी लिथियमबद्दल जे सांगितलं ते इथेही सांगते. हे औषध थोडं जास्त झालं तरी बाधतं, आणि अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं प्रमाण वाढतं. मे महिन्यात पत्र्याखालची बॅरेक, घाम आणि पिण्याच्या पाण्याची रांग यांचा विचार करा. उलट्या, जुलाब, जास्त थरथर, चालताना तोल जाणं ही धोक्याची खूण आहे. अर्जात ‘रक्ततपासणी करावी’ एवढ्यावर थांबू नका, मागची तपासणी कधी झाली होती ती तारीख घाला. तारीख असली की डॉक्टरांनाही पुढची तपासणी लावणं सोपं जातं.

जिल्हा कारागृहात आणि उपकारागृहात चित्र वेगळं असतं. तिथे मानसोपचारतज्ज्ञ येत नसेल तर बंद्याला जिल्हा रुग्णालयात न्यावं लागतं आणि त्यासाठी पोलीस गार्द लागते. बंदोबस्त निघाला की गार्द मिळत नाही आणि ओपीडीचा दिवस चुकतो. ही अडचण न्यायालयापुढे लेखी आणली की हलते, नुसतं गेटवर बोलून काही होत नाही.

वाट दुसरी: मनोरुग्णालय

राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. या चारांपैकी मराठवाड्यात एकही नाही. अमरावतीच्या कारागृहातून नागपूर गाठायचं तर सुमारे दीडशे किलोमीटर. ज्या घरची रोजंदारी बुडते, त्यांच्यासाठी हे अंतर म्हणजे महिन्याची एक भेट किंवा तीही नाही.

माणूस जेवण सोडून बसला आहे, आवाज ऐकून ओरडतो आहे, स्वतःला इजा करतो आहे किंवा दुसऱ्यांवर धावून जातो आहे, अशा वेळी या वाटेला पर्याय नाही. तिथे मानसोपचारतज्ज्ञ रोज बघतात, नर्स गोळी समोर घ्यायला लावतात, डोस बदलला तर परिणाम दिसेपर्यंत लक्ष ठेवलं जातं. बॅरेकमध्ये यातलं काही होणार नाही.

पण ‘हलवा’ म्हटलं आणि हलवलं असं होत नाही. २०१७ च्या कायद्याचं कलम १०३ याबद्दल आहे. कारागृहाच्या वैद्यकीय विभागात मनोरुग्ण कक्ष असेल तर तिथे ठेवणं कायद्याला पुरेसं आहे. असा कक्ष नसेल तर मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीने बाहेरच्या रुग्णालयात पाठवता येतं. न्यायालयही तसा आदेश देऊ शकतं. याच कलमात एक तरतूद आहे, ती वकिलांनाही अनेकदा ठाऊक नसते. मानसिक आजार असलेला कुणी बंदी आपल्या कारागृहात नाही, असं प्रमाणपत्र वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मंडळाकडे पाठवायचं असतं. असा बंदी तिथे ठेवलेला असेल, तर त्याला का हलवलं नाही हे मंडळ विचारू शकतं. म्हणून तुमच्या अर्जाची एक प्रत मंडळालाही पाठवा.

या वाटेवरचा धोका परतीच्या प्रवासात आहे. दीड-दोन महिन्यांत माणूस सावरतो, डिस्चार्ज लिहिला जातो, पण गार्द नाही किंवा पत्र पोचलं नाही म्हणून तो तिथेच राहतो. किंवा तो परत येतो आणि नवा डोस कारागृहाच्या केसपेपरवर चढतच नाही. मग तीन आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. डिस्चार्ज कार्डाची प्रत स्वतः मागा. रुग्णाला स्वतःची वैद्यकीय कागदपत्रं मिळण्याचा हक्क कलम २५ मध्ये आहे.

वाट तिसरी: जामीन, पण कुठला?

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते, कारण ‘आजारपणावर जामीन’ या एका शब्दाखाली दोन निरनिराळे अर्ज असतात.

पहिला साधा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम ४८० आजारी आणि दुर्बल माणसाला अजामीनपात्र गुन्ह्यातही सवलत देण्याची मुभा न्यायालयाला देतं. इथे तुम्ही म्हणता की हा आजारी आहे, आत नीट उपचार होत नाहीत, बाहेर आम्ही करू. खटला नेहमीसारखा चालू राहतो. मनाचा आजार हाही आजारच आहे, पण न्यायालयाला तो कागदावर दिसला पाहिजे. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ या वाक्याने जामीन होत नाही. जुने केसपेपर, चालू औषधं, आत किती वेळा खंड पडला आणि बाहेर कुठल्या दवाखान्यात कोण नेणार, हे लिहिलेला अर्ज टिकतो. मकोका (संघटित गुन्हेगारी) किंवा एनडीपीएस (अमली पदार्थ) यांसारख्या कायद्यांत जामिनाच्या अटीच कडक आहेत, तिथे एकट्या या मुद्द्यावर फार आशा धरू नका.

दुसरा अर्ज, आरोपी स्वतःचा बचाव करण्याच्या मनःस्थितीत नाही, असा. संहितेच्या ३६७ पासूनची कलमं त्यासाठी आहेत. डॉक्टर तपासतात, न्यायालयाची खात्री पटली तर खटला थांबतो. मग कलम ३६९ प्रमाणे, भरती करून उपचार करण्याची गरज नसेल आणि एखादा नातेवाईक किंवा मित्र नियमित ओपीडीची आणि इजा होऊ न देण्याची हमी देत असेल, तर गुन्हा अजामीनपात्र असला तरी सोडता येतं. ज्याला खरोखरच काही उमगत नाही, त्याच्यासाठी ही तरतूद मोलाची आहे.

पण ज्याचा आजार गोळीने आवरतो, त्याच्यासाठी हा अर्ज करण्याआधी दहा वेळा विचार करा. हमी घेणारं कुणी पुढे आलं नाही, तर माणूस ना सुटतो ना त्याचा खटला चालतो. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हजारीबागच्या कारागृहातली माणसं आली, ती बरी झाल्यावरही वर्षानुवर्षं, काही तर वीस वर्षांहून जास्त, आतच पडून होती. आसामचे मचांग लालुंग १९५१ मध्ये आत गेले आणि २००५ मध्ये सुटले. तेजपूरच्या मनोरुग्णालयाने ते बरे असल्याचं १९६७ मध्येच सांगितलं होतं. खटला झालाच नाही. ५४ वर्षं कुणी विचारलं नाही, कारण विचारायला कुणी यायचं राहिलं होतं. काळ बदलला असं म्हणून ही उदाहरणं मला बाजूला सारता येत नाहीत. थांबलेल्या खटल्याची फाईल कपाटात कशी मागे मागे जाते, हे मी बघितलं आहे. हा अर्ज केलाच, तर पुढची प्रत्येक तारीख डायरीत लिहा, आणि माणूस सावरला की खटला पुन्हा सुरू करण्याचा अर्ज लगेच द्या.

जामीन मिळालाच तर घरी काय, हेही आजच बघा. एका घरात मुलगा सुटून आला त्या रात्री सगळ्यांनी पेढे वाटले, आणि पाचव्या दिवशी त्याच्या गोळ्या संपलेल्या कुणाच्या ध्यानातच नव्हतं. त्याच्या भांडणातूनच गुन्हा घडला होता, फिर्यादी शेजारीच राहत होता, आणि आत असताना निदान एक कंपाउंडर रोज फेरी मारायचा. अशा घरी जामिनाआधी दुसऱ्या गावचा मामा, दिवसा घरी असणारं माणूस आणि जवळची ओपीडी ठरवावी लागते.

मग कुणी काय करावं?

गोळीवर नीट राहणारा, बोलता-चालता माणूस असेल आणि मध्यवर्ती कारागृहात असेल, तर आतले उपचार पक्के करा आणि सोबत साधा जामीन लावा. एकाने दुसऱ्याला अडसर येत नाही. उलट, औषधाच्या अर्जांच्या पोचा जामिनाच्या वेळी उपयोगी पडतात. पहिलाच गुन्हा असेल तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ ही तपासून घ्या. कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला की सुटकेचा विचार होतो. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले चालू असणाऱ्यांना हे लागू नाही.

माणूस बिघडलेला असेल, जिवाला धोका असेल, तर मनोरुग्णालय, आणि तेही आज. जामिनाची वाट बघत बसू नका. लहान उपकारागृहात असेल आणि उपचारच नसतील, तर आधी मोठ्या कारागृहात हलवण्याची मागणी करा, ती मनोरुग्णालयाच्या मागणीपेक्षा लवकर मान्य होऊ शकते.

शिक्षा लागलेल्यांसाठी वाटा कमी उरतात: आतले उपचार, गरजेला मनोरुग्णालय, आणि अपील चालू असेल तर शिक्षेला स्थगिती. आजाराचा मुद्दा मात्र शिक्षेनंतरही संपत नाही. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, शिक्षा झाल्यानंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजारामुळे सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली.

तुम्हाला स्वतःला झोप लागत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. बंद्याच्या आईनेही तो फिरवावा.

त्या आईच्या मुलाची रक्ततपासणी सतराव्या दिवशी झाली आणि लिथियम पुन्हा सुरू झालं. जामीन चार महिन्यांनी झाला. सुटकेच्या दिवशी ती गेटवर दुपारी दोनपासून उभी होती, मुलगा संध्याकाळी सातला बाहेर आला. पिशवीत डबा होता, पाण्याची बाटली होती आणि रात्रीची गोळी होती. तिने त्याला आधी दोन घास खायला लावले, गोळी दिली, आणि मगच रिक्षाला हात केला.